अठ्ठ्याहत्तर दिवसांचा हिशोब कामगाराच्याही हातात द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गेली सोळा वर्षं एमआयडीसीतल्या छोट्या छोट्या युनिट्सचं ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आणि पीएफचं काम करते, म्हणजे दर महिन्याला कोण किती दिवस कामावर होता आणि त्याला किती पगार पडला हे पोर्टलवर चढवायचं आणि पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत चलन भरायचं. पेपराला पत्र वगैरे मी कधी लिहिलेलं नाही. पण गेल्या महिन्यात एक नवरा-बायको आमच्या ऑफिसात आले आणि त्यांनी जे दाखवलं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसले.

तो पॉवर प्रेसवर काम करायचा, ठेकेदारामार्फत. तीन वर्षं एकाच शेडमध्ये, त्याच मशीनवर. युनिट दुसरीकडे हलवलं आणि यांना सांगितलं उद्यापासून येऊ नका. कोणीतरी त्याला सांगितलं की ईएसआयमधून बेकारीचे पैसे मिळतात, त्याने अर्ज केला आणि अर्ज परत आला. कारण काय तर दिवस भरत नाहीत. रेकॉर्डवर शेवटच्या सहा महिन्यांत त्याचे ७४ दिवस होते, पाहिजेत ७८. चार दिवस कमी.

तेव्हा बायकोने पिशवीतून कॅलेंडरची पानं काढली. भिंतीवरचं साधं कॅलेंडर, ज्यावर आपण सगळेच दुधाचे खाडे मांडतो तसले. तिने दुधाच्या खाड्यांच्या खालीच नवऱ्याच्या कामाचे खाडे मांडले होते, ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी निळ्या पेनाने फुली, कारण रोजाचा हिशोब ज्या दिवशीचा त्या दिवशी धरायचा आणि महिन्याच्या शेवटी ठेकेदाराशी भांडण नको. मी तिथेच बसून मोजलं. त्याच सहा महिन्यांत ११० दिवस तो कामावर होता. दीड महिना ब्रेक देऊन घरी बसवलं होतं तो सोडून.

आता ११० चे ७४ कसे झाले हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, कारण आमच्या लाइनमध्ये ही गोष्ट सगळ्यांना माहिती आहे आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. समजा किमान वेतनाचा दर दिवसाला ५२० रुपये आहे आणि ठेकेदार माणसाला देतो ३५०. महिन्यात २६ दिवस काम केलं की हातात ९,१०० पडले. पण कागदावर ३५० चा रोज लिहिला तर पकडले जाणार, म्हणून मग उलटा भागाकार करायचा, ९,१०० ला ५२० ने भागायचं, आले साडेसतरा दिवस. मस्टरवर साडेसतरा दिवस लिहायचे, रोज ५२० चा लिहायचा, सगळं कायद्यात बसलं. चलनही त्याच दिवसांवर भरलं जातं. पगारात माणूस एकदा लुटला गेला आणि वर्ष-दोन वर्षांनी काम जातं तेव्हा त्याच खोट्या दिवसांमुळे दुसऱ्यांदा लुटला जातो. त्या माणसाचे ११० दिवस याच हिशोबाने ७४ झाले, मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, तंतोतंत बसतं.

हे पोर्टलवर चढवणाऱ्या हातांमध्ये माझेही हात आहेत. ठेकेदार व्हॉट्सॲपवर यादी पाठवतो, आम्ही ती भरतो. त्या माणसाचं युनिट माझ्याकडे नव्हतं पण तसली युनिट्स माझ्याकडे होती. मी कधी विचारलं नाही की एवढ्या लोकांचे दिवस दर महिन्याला तेरा, चौदा, सतरा असेच कसे येतात.

बऱ्याच वाचकांना ही योजनाच माहीत नसेल म्हणून थोडं सांगते. आपल्याकडे सगळ्यांना असं वाटतं की ईएसआय म्हणजे दवाखाना, गोळ्या-औषधं आणि आजारपणाची रजा. पण २००५ पासून त्यात राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या अपघातात ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं तर भत्ता मिळतो, पहिले बारा महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के. ऐकायला फार चांगली आहे. पण कारखाना बंद झाला किंवा कपात झाली हे कागदावर दिसावं लागतं आणि ठेक्यावरच्या माणसाला असा कागद देतो कोण, त्याला तर गेटवरच्या वॉचमनने सांगितलेलं असतं की तुझं कार्ड बंद झालं.

दुसरी योजना १ जुलै २०१८ पासूनची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. आधी दोन वर्षांसाठी प्रयोग म्हणून आली आणि नंतर मुदतवाढीवर चालत आली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या फक्त २५ टक्के, तेही आयुष्यात मिळून जास्तीत जास्त ९० दिवस, आणि अट अशी की मागच्या दोन वर्षांतल्या चारही सहामाहींत प्रत्येकी किमान ७८ दिवस भरलेले पाहिजेत. लॉकडाऊनमध्ये हे कोणालाच जमेना तेव्हा २०२० मध्ये अट सैल केली. भत्ता ५० टक्के केला, बेकार झाल्यावर ९० दिवस थांबायचं ते ३० दिवसांवर आणलं, मालकाच्या हातून अर्ज पाठवायचा ते बंद करून कामगाराने थेट शाखा ऑफिसात द्यायचा असं केलं. आणि दिवसांची अट अशी झाली की दोन वर्षं विमा असलेल्या नोकरीत असला पाहिजे, बेकार होण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत ७८ दिवस आणि त्याच्या आधीच्या तीन सहामाहींपैकी कुठल्याही एकीत ७८ दिवस. सहामाही म्हणजे १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. गैरवर्तनामुळे काढलं असेल, रिटायर झाला असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही.

७८ हा आकडा काही अंगावर येणारा नाहीये. महिन्याचे २६ दिवस धरले तर तीन महिने, म्हणजे सहामाहीतलं निम्मं काम. माझी त्या आकड्याबद्दल तक्रारच नाही. मागे काम केलेलं असावं, थोडंफार भरलेलं असावं ही अट रास्तच आहे, जगभर अशीच असते. माझं म्हणणं एकच आहे की ज्या दिवसांवर माणसाचा हक्क ठरतो ते दिवस लिहिणारा मालक किंवा ठेकेदार, चढवणारी माझ्यासारखी क्लार्क, तपासणारं ऑफिस, आणि ज्याने ते दिवस घाम गाळून भरले तो मात्र या सगळ्यात कुठेच नाही. त्याला कळतं तेव्हा, जेव्हा काम गेलेलं असतं आणि अर्ज परत आलेला असतो. तेव्हा दुरुस्त करायला मालकही जागेवर नसतो आणि ठेकेदार फोन उचलत नाही.

योजनेच्या अटीत एक चांगला शब्द आहे, की वर्गणी मालकाने भरलेली असावी 'किंवा देय असावी'. म्हणजे मालकाने पैसे बुडवले तरी कामगाराचा हक्क बुडू नये अशीच त्यामागची कल्पना असणार. पण देय आहे हे सिद्ध कोण करणार? ज्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, नेमणुकीचं पत्र नाही, पगार रोख, हजेरी कार्ड महिन्याच्या शेवटी परत जमा, त्याने काय दाखवायचं? कॅलेंडर?

त्या माणसाची अजून एक अडचण होती. तीन वर्षांत त्याचे ठेकेदार दोनदा बदलले आणि प्रत्येकाने त्याचा नवीन आयपी नंबर, म्हणजे ईएसआयमधला विमाधारकाचा नंबर, काढला. खरं तर हा दहा आकडी नंबर एकदा मिळाला की जन्मभर तोच राहायला पाहिजे, नवीन ठिकाणी लागलं की जुना नंबर सांगायचा. पण जुना नंबर शोधत बसण्यापेक्षा नवीन रजिस्ट्रेशन मारणं सोपं, आणि कामगाराला तरी कुठे माहीत असतं, त्याला वाटतं नवीन कार्ड म्हणजे नवीन सुरुवात. आता त्याची तीन वर्षं तीन नंबरांवर विखुरलीयेत आणि शेवटच्या नंबरवर फक्त चौदा महिने दिसतात, म्हणजे ते चार दिवस कुठून मिळाले असते तरी दोन वर्षांची अट आडवी आलीच असती. एकाच शेडमध्ये, एकाच मशीनवर तीन वर्षं काढलेल्या माणसाला कागद म्हणतो तुझी दोन वर्षंही भरलेली नाहीत.

दर महिन्याला आम्ही जी एक्सेल शीट चढवतो तिच्यात सहा रकाने असतात, आयपी नंबर, नाव, किती दिवसांचा पगार, महिन्याचा एकूण पगार, दिवस शून्य असतील तर कारणाचा कोड आणि कामाचा शेवटचा दिवस. कारणांचे कोड ठरलेले आहेत. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, ३ रिटायर, ८ काम तहकूब, ९ संप किंवा टाळेबंदी, १० कामगार कपात, ११ काम नव्हतं. सोळा वर्षांत मी १० नंबर किती वेळा टाकला असेल ते बोटांवर मोजता येईल. सगळ्यांना २. माणूस यादीतून गेला की २. कोणी विचारत नाही आणि २ टाकला की पुढच्या महिन्यापासून नाव निघून जातं, काम सोपं होतं. ज्याला काढून टाकलं त्याच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने 'याने नोकरी सोडली' असं लिहीत होते. आणि बेकारीच्या भत्त्यात सगळ्यात पहिला प्रश्न तोच असतो, काम गेलं की सोडलं. हे मला कळायला पाहिजे होतं. त्या बाईने कॅलेंडर टेबलावर ठेवलं तेव्हा मला माझे ते सगळे दोन नंबर आठवले. आता मी यादीत नाव वगळलेलं दिसलं की फोन करून विचारते का गेला आणि उत्तर मिळेपर्यंत शीट चढवत नाही. दोन ठेकेदारांनी त्यावरनं काम काढून घेतलं. घेऊ देत.

राजीनाम्याचंही तसंच. कामावर घेतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची पद्धत आहे, किंवा शेवटी सांगतात की फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशोबाचे, पैसे पाहिजेत तर इथे सही कर, आणि वर लिहिलेलं असतं की घरगुती कारणाने काम सोडत आहे. चार हजार रुपयांसाठी माणूस सही करतो, आणि का करू नये, त्याला त्या दिवशी भाडं द्यायचं असतं.

आता पैशाबद्दल. ५० टक्के म्हटल्यावर लोकांना वाटतं निम्मा पगार. तसं नाहीये. मागच्या चार सहामाहींत जेवढं कमावलं त्या सगळ्याला ७३० ने भागतात, म्हणजे दोन वर्षांचे सगळे दिवस, रविवार धरून, ब्रेक धरून, आजारपण धरून. ज्याचं काम सलग आहे, महिना १५,००० पगार आहे, त्याचे दोन वर्षांचे ३,६०,००० होतात, भागिले ७३० म्हणजे ४९३ रुपये, त्याचे निम्मे २४६, नव्वद दिवसांचे साधारण २२,१९० रुपये. ठीक आहे. पण ज्याला ब्रेक देत देत दोन वर्षांत चौदाच महिने काम मिळालं त्याचे २,१०,००० होतात, भागायचं मात्र त्याच ७३० ने. आले २८७, निम्मे १४३, नव्वद दिवसांचे १२,९४५. दोघांचा पगार तोच, काम तेच. ज्याला आधीच काम कमी मिळालं त्यालाच बेकारीतही कमी, आणि ज्याचे दिवस कागदावर दाबलेले त्याचं तर विचारूच नका. ज्या दिवसांचा पगार झाला तेवढ्याच दिवसांनी भागलं तर काय बिघडेल, मला खरंच समजत नाही.

ज्यांचे दिवस पूर्ण भरलेत त्यांचंही एक सांगायचंय. एक सीएनसी ऑपरेटर आहे, मी त्याची वर्गणी आठ वर्षं भरली, एकही महिना चुकला नाही. पगारवाढ झाली, २१,५०० झाला, पेढे घेऊन आला ऑफिसात. ईएसआयची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० आहे, तिथेच आहे. मर्यादा ओलांडली तरी ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी भरतात आणि मग माणूस बाहेर. दीड वर्षाने त्याचं युनिट बंद पडलं. लगेच आधीच्या सहामाहीत ७८ दिवस आहेत का, तर नाहीत, शून्य आहेत. आठ वर्षं भरलेल्याला काही नाही. पाचशे रुपयांची वाढ मिळाली हीच त्याची चूक म्हणायची का? या मर्यादेला इतकी वर्षं झाली, महागाई कुठे गेली ते सगळ्यांना माहितीये, ती वाढवायला पाहिजे हे तर आहेच, पण मर्यादा वाढेल तेव्हा वाढेल, तोवर जुन्या वर्षांची काहीतरी किंमत धरा की. ज्याने पाच वर्षं सलग भरलंय त्याला बाहेर पडल्यावरही दोन-तीन वर्षं हा हक्क राहू द्या.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या किमान दर्जाचा जो करार केला, क्रमांक १०२ चा, त्यात बेकारी भत्ता बारा महिन्यांत किमान तेरा आठवडे आणि पगाराच्या ४५ टक्के धरलाय. तेरा आठवडे म्हणजे ९१ दिवस. आपले ९० दिवस बघून वाटतं की आपण तिथे पोचलोच, पण तिकडे ते बारा महिन्यांच्या काळात मोजलेत आणि आपल्याकडे अख्ख्या आयुष्यात. ठेक्यावरच्या माणसाचं काम आयुष्यात एकदाच जातं का?

पैसे नाहीत असं कोणी म्हणत असेल तर ते पैसे कामगाराच्याच पगारातले आहेत हे विसरू नये. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे, त्याआधी दोघांचा मिळून साडेसहा टक्के होता. आणि ईएसआयचा कायदा तर इतका स्पष्ट होता की पगारातून कापलेला हिस्सा हा मालकाकडे विश्वासाने सोपवलेली ठेव आहे असंच त्यात म्हटलं होतं. पैसे ठेव आहेत तर दिवसही ठेवच आहेत ना, ते सुद्धा माणसाने विश्वासानेच त्यांच्या मस्टरवर ठेवलेत.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पगाराच्या स्लिपवर त्या महिन्यात ईएसआयला किती दिवस कळवले ते छापणं सक्तीचं करा, मराठीत, मोठ्या आकड्यात. ज्याला स्लिपच मिळत नाही त्याच्या मोबाइलवर दर महिन्याला तो आकडा मराठीत पोचवा. आकडा चुकला असेल तर सहामाही संपल्यापासून तीन महिन्यांत कामगाराने थेट तक्रार करावी आणि खरं काय ते दाखवायची जबाबदारी मालकावर टाका. बँकेचं पासबुक, गेट पास, ठेकेदाराचे व्हॉट्सॲप मेसेज, हे पुरावा म्हणून घ्या, कारण या लोकांकडे तेवढंच असतं. आधार जोडलेलं असताना एकाच माणसाचे दोन-तीन नंबर निघतातच कसे ते बघा आणि जे निघालेत ते ऑफिसनेच एकत्र करावेत, कामगाराला हेलपाटे घालायला लावू नका. आणि २ नंबरचा कोड टाकला की त्या माणसाला मेसेज जाऊ दे, तुम्ही स्वतः नोकरी सोडली असं मालकाने कळवलंय, खरं आहे का?

जे वाचक स्वतः कामावर आहेत किंवा ज्यांच्या घरातलं कोणी ठेक्यावर आहे त्यांना हात जोडून सांगते, ईएसआयच्या पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर आपल्या आयपी नंबरने लॉगिन करता येतं आणि कुठल्या महिन्यात किती दिवस आणि किती पगार चढलाय ते दिसतं. मुलांना सांगा, ते पाच मिनिटांत काढून देतील. नवीन ठिकाणी लागलात तर जुना नंबर स्वतःहून द्या, नाही मागितला तरी द्या. कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि करावीच लागली तर मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. काम चालू असताना दिवस कमी दिसले तर तेव्हाच बोला, चार जण मिळून बोला, एकट्याने बोललं की दुसऱ्या दिवशी ब्रेक मिळतो हे मलाही माहितीये.

त्या नवरा-बायकोचा अर्ज मी पुन्हा लिहून दिलाय, तिन्ही नंबर लावून, कॅलेंडरच्या सहा पानांच्या झेरॉक्स जोडून. खिडकीवरच्या साहेबांनी ती पानं बघितली आणि म्हणाले हे कुठे बसत नाही. बाई म्हणाली, मग माझे दुधाचे खाडे तरी बरोबर आहेत का ते दूधवाल्याला विचारा, त्याने कधी एक रुपया जास्त नाही घेतला या पानांवरनं. झेरॉक्स ठेवून घेतल्यात, पोच मिळालीये.

आपली,
एक वाचक